मागणी आणि खुर्ची : यशवंतराव चव्हाण



१ मे १९६० ही तारीख आपण सगळ्यांनी पाठ केली होती. पण त्याच दिवशी तेव्हाच्या पश्चिम खानदेशातली, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडची, १५६ गावं गुजरातला गेली, हे मला शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली ही गावं. आजचे निझर आणि उच्छल तो भाग आहे. तेव्हापासून यशवंतराव चव्हाणांकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहते. खुर्ची मिळाल्यावर बंडखोराची मागणी टिकते का, हे त्यांच्या आयुष्यात नीट दिसतं.

त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. वडील लवकर गेले. आई विठाईंनी कष्टानं मुलं वाढवली. शाळकरी वयातच त्यांनी चळवळीत उडी घेतली आणि १९३२ मध्ये झेंडा फडकवल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा भोगली. १९४२ मध्ये ते भूमिगत झाले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोच पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. घरानं अशी किंमत मोजली.

१९४६ मध्ये ते निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. ज्या पोलिसांपासून लपायचं, त्यांच्याच खात्यात चार वर्षांनी कामाला बसायचं! पुढे मराठी राज्याची मागणी पेटली. मुंबईत गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसं गेली. त्या काळात यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचं नेतृत्व मोठं मानलं आणि तसं जाहीर सांगितलं. लोक संतापले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांना नको असलेलं राज्य चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि ते स्वतः कऱ्हाडमधून थोडक्यात वाचले. त्याच वर्षी प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा समितीनं प्रचंड मोर्चा काढला. द्विभाषिक लोकांच्या मनात उतरलेलं नाही, हे यशवंतरावांनी मग दिल्लीला आतून पटवत नेलं. अखेर मुंबईसह महाराष्ट्र झाला. रस्त्यावर समिती लढली नसती तर दिल्लीनं ऐकलं नसतं, आणि आत बोलणारा कुणी नसता तर ते इतक्या शांततेत झालं नसतं, असं मला वाटतं.

पण त्या सौद्यात डांग गेलं, आपली गावं गेली, आणि गुजरातला राजधानीसाठी पैसेही द्यावे लागले. बेळगाव तर मागेच राहिलं. १९६६ मध्ये यशवंतराव देशाचे गृहमंत्री झाले. पुढच्या वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यात बेळगाव कर्नाटकातच ठेवलं होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला, पण सीमा हलली नाही. त्यानंतर ते अर्थ, परराष्ट्र, उपपंतप्रधान अशा पदांवर गेले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. बेळगावचा वाद आज सर्वोच्च न्यायालयात आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे काम वेळेत द्यायचं म्हणून काही गोष्टी पुढच्या आवृत्तीवर ढकलतात. पुढची आवृत्ती बहुधा येतच नाही. यशवंतरावांनी मागणी सोडली, असं मी म्हणणार नाही. त्यांनी ती मिळेल तेवढी पदरात पाडून घेतली. पण उरलेल्या भागासाठी पुन्हा बंड करायला खुर्चीतला माणूस मोकळा नसतो. त्याची किंमत सीमेवरचे लोक मोजतात. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक निझर-उच्छलकडे आहेत, त्यांनी १९६० नंतर त्या घरांत काय बदललं हे विचारून लिहून ठेवावं. तो इतिहास आपल्या पुस्तकात नव्हता.