साधु सुंदरसिंग ह्यांचा शेवटचा प्रवास

पंजाबांतील शीख घराण्यांत १८८९ सालीं जन्मलेले साधु सुंदरसिंग ह्यांनीं १९०५ सालीं सिमला येथें बाप्तिस्मा घेतला. भगव्या वस्त्रांत अनवाणी फिरणारे हे ख्रिस्तभक्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहेत. १८ एप्रिल १९२९ रोजीं, प्रकृति ढांसळली असतां व स्नेही नको म्हणत असतां, ते तिबेटास निघाले. हृषीकेशाहून अलकनंदेच्या खोऱ्यांतून बदरीनाथाच्या यात्रेकरूंबरोबर चालावें व पुढें नीती घांट ओलांडावा, असा बेत होता. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस खोल नदी. शिवाय यात्रेंत पटकीचें भय. १९२७ सालीं ह्याच वाटेवर आजारी पडून ते परतले होते. तरी पुन्हां तीच धरिली, ह्याचें आम्हांस फार वाटतें. स्नेह्यांनीं मागाहून त्या वाटेनें शोध केला. पटकीनें गेले कीं कड्यावरून पडले, हें कोणासही कळलें नाहीं.