गुलामाने वसवलेले शहर

शहराच्या नावाचा वाद मराठवाड्याने अनेक वर्षे पाहिला. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. कुणी पेढे वाटले, कुणी न्यायालयात गेले. या गदारोळात हे शहर मुळात वसवले कुणी, हा साधा प्रश्न बाजूलाच पडला. औरंगजेबाने १६५३ च्या सुमारास त्याला आपले नाव दिले, त्याच्या चाळीस वर्षे आधी खडकी या गावी मलिक अंबरने राजधानी उभी केली होती. हा मलिक अंबर आफ्रिकेतून विकत आणलेला गुलाम होता. फुले-आंबेडकरी चळवळीने त्याचे चरित्र नीट वाचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात, म्हणजे हबसाणात, त्याचा जन्म झाला. नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून बगदादपर्यंत त्याचे मालक बदलत गेले. एका मालकाने त्याला लिहायला, वाचायला, हिशेब ठेवायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. त्या काळी दख्खनचे सुती कापड समुद्रापार जाई आणि तिकडून घोडे व माणसे येत. इथल्या सुलतानांना स्थानिक गोतावळा नसलेले, केवळ धन्याशी बांधलेले सैनिक हवे असत. १५७० नंतर अंबर याच वाटेने अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम होता!

चंगेजखान मेल्यावर अंबर मुक्त झाला. काही काळ विजापूरकरांची चाकरी करून तो दीडशे स्वारांनिशी निजामशाहीत परतला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्याच वर्षी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. राज्य बुडाले असे सगळे समजत असताना अंबरने राजघराण्यातील मुर्तजाला परांड्यात गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला. १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे एका इंग्रज प्रवाशाने नोंदवले आहे.

मोगलांच्या अवाढव्य फौजेशी समोरासमोर लढण्यात अर्थ नव्हता. मराठा स्वारांना घेऊन त्याने रसद तोडली, रात्री छापे घातले, शत्रूला डोंगरदऱ्यांत खेचले. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले. गनिमी काव्याची ही परंपरा कुठून कुठे गेली, हे वेगळे सांगायला नको. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून हिणवले आणि त्याच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारतो आहोत असे चित्रही काढून घेतले. पण ते मस्तक चित्रातच राहिले. अंबरला तह करून मुलूख सोडावा लागला, १६१६ साली मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी तो पकडला गेला नाही. त्याने शहर पुन्हा उभे केले. १६२६ साली तो स्वतःच्या राज्यात वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

भडकल दरवाजा त्याचाच. डोंगरातले पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी जमिनीखालची नहर-ए-अंबरीही त्याचीच. शेतसाऱ्याची मक्तेदारी बंद करून त्याने जमिनीच्या मगदुरानुसार सारा ठरवला. रयतेला त्याने दिलासा मिळाला.

पण आम्ही व्यक्तिपूजक नाही. अंबरने गुलामांचा बाजार बंद केला नाही. त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. त्याने गावचे पाटील-कुलकर्णी वंशपरंपरेने पक्के केले. गावगाडा तसाच राहिला आणि त्या गाड्याला जुंपलेला महारही तसाच राहिला. त्या वतनाचे जोखड तोडण्यासाठी बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणावे लागले.

मुद्दा इथेच आहे. बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यतेची तुलना करून दाखवून दिले की गुलामाला शिकता येत होते, मुक्त होता येत होते, अस्पृश्याला मात्र सुटकेची वाटच ठेवली नव्हती. अंबरचे आयुष्य हा त्याचा जिवंत पुरावा आहे. समुद्रापलीकडून बाजारात विकलेला मुलगा या भूमीवर राज्यकर्ता झाला. त्याच काळात याच मातीतला माणूस शिवेबाहेर जन्मला म्हणून शिवेबाहेरच मेला. मग अधिक क्रूर व्यवस्था कोणती? १७९१ साली हैतीचे गुलाम उठले आणि १८०४ साली त्यांनी स्वतंत्र राष्ट्र घडवले. जोतिरावांनी १८७३ साली आपले गुलामगिरी हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. त्यांनी हे नाते तेव्हाच ओळखले होते. एकट्या गुलामाने राज्य मिळवणे वेगळे आणि गुलामांनी मिळून गुलामगिरी मोडणे वेगळे. आपली चळवळ दुसऱ्या वाटेची आहे.

आज भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. १४ एप्रिलला तिथे निळा सागर लोटतो. त्या गर्दीतल्या किती तरुणांना ठाऊक असते की शेजारची ती कमान एका गुलामाने बादशाहीवर मिळवलेल्या विजयाची खूण आहे? नहरीची पडझड होत आहे आणि खुलताबादच्या कबरीकडे फारसे कुणी फिरकत नाही. मे २०२६ मध्ये त्याच्या मृत्यूला ४०० वर्षे होतात. नावाच्या राजकारणात ज्याचे कुणीच नाही, त्याची आठवण नागसेनवनात शिकलेल्यांनी ठेवायची नाही, तर कुणी ठेवायची?