सर आपिराना न्गाटा

न्यूझीलंडांतील माओरी लोकांची जमीन मुळांत सबंध कुळाची समाईक असे. इ. स. १८६५ नंतर सरकारी न्यायालयानें तिच्यावर व्यक्तींचीं नांवें चढविलीं. पिढ्यांगणिक हिस्से इतके बारीक झाले कीं, त्यांवर कर्ज मिळेना व शेती होईना. बहुत जमीन विकली गेली. जी उरली ती राखण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या सर आपिराना न्गाटा यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

त्यांचा जन्म ता. ३ जुलै १८७४ रोजीं न्गाटी पोरू कुळांत झाला. टे आउटे येथील मिशनच्या विद्यालयांत शिकून ते १८९३ सालीं पदवीधर व पुढें कायदेपंडित झाले. १९०५ पासून १९४३ पर्यंत ते पार्लमेंटाचे सभासद होते.

सर्व वारसांची जमीन एकत्र ठेवावी, मालकांनीं पंच निवडावे, पंचांनीं विश्वस्ताच्या नात्यानें मेंढ्या पाळाव्या, हिशेब ठेवावा व नफा हिश्शाप्रमाणें वांटावा, या व्यवस्थेचा त्यांनीं हिरीरीनें पुरस्कार केला. मंत्री झाल्यावर १९२९ पासून सरकारी पैशानें त्यांनीं पडीक जमिनी लागवडीस आणविल्या. परंतु घाईंत हिशेबाची शिस्त सुटली. चौकशी-कमिशननें ठपका ठेविला आणि १९३४ सालीं त्यांस मंत्रिपद सोडावें लागलें.

ता. १४ जुलै १९५० रोजीं ते निवर्तले. समाईक जमिनी पंचांकरवीं चालविण्याची रीत मात्र तेथें टिकली आहे. दुसऱ्याचें धन सांभाळणाऱ्यास केवळ सद्धेतु पुरत नाहीं, चोख वहीहि लागते, हा बोध आम्ही सर्वांनीं त्यांच्या चरित्रापासून घ्यावा.