कॅप्टन जेकब आणि दोन सूर्यांचा ग्रह

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म इंग्लंडांतील सॉमरसेट परगण्यांत १८१३ सालीं झाला. मुंबई इंजिनिअर्स पथकांतून ते हिंदुस्थानांत आले, मोजणीखात्यांत राबले, आणि १८४२ सालीं पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारून जोडताऱ्यांचे वेध घेऊं लागले. अशा २४४ ताऱ्यांची त्यांनीं यादी केली. प्रकृति मात्र सदैव नाजूक.

पुढें मद्रास वेधशाळेचा कारभार त्यांजकडे आला. भुजंगधारी तारकापुंजांत ७० क्रमांकाचें एक तारायुग्म आहे. त्यांतील दोन सूर्य सुमारें ८८ वर्षांत एकमेकांभोवतीं फेरा पुरा करितात. त्यांची चाल गणिताशीं जुळेना. एखादा अदृश्य ग्रह त्यांतील एकास ओढीत असावा, असें अनुमान जेकब यांनीं १८५५ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु संभवनीय म्हणून, सिद्ध म्हणून नव्हे. हा संयम मला त्यांच्या यादीहून मोलाचा वाटतो. कारण पुढें सी नामक ज्योतिर्विदानें तोच दावा ठासून केला, आणि तशी कक्षा टिकणारच नाहीं हें मोल्टन यांनीं १८९९ सालीं गणितानें दाखविलें. दोन सूर्यांभोवतीं फिरणारा ग्रह केप्लर दुर्बिणीनें २०११ सालीं दाखविला खरा, पण तो निराळ्या युग्माचा. जेकब यांचा ग्रह कांहीं सांपडला नाहीं.

पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा उभारावी ही त्यांची शेवटची उमेद. पार्लमेंटानें १,००० पौंड मंजूर केले. ९ इंची दुर्बीण त्यांनीं पदरमोड करून घेतली. १८६२ च्या ८ ऑगस्टला ते मुंबईस उतरले, आणि १६ ऑगस्टला पुण्यास निवर्तले.