तुरुंगातून सुटलेल्या मुलाचे कोण? : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारीला आपण संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करतो. मुलांचा मित्र म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या कार्याचे बीज तुरुंगात रुजले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

१६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील बेक्की या वाडीत एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच पित्याचे छत्र हरपले. आई मार्गारेटने काबाडकष्ट करून मुलांना वाढविले. ५ जून १८४१ रोजी गुरुदीक्षा झाल्यावर ते पुढील शिक्षणासाठी तुरीन शहरात आले. तेथे त्यांचे गुरू फादर जोसेफ कफासो यांनी त्यांना तुरुंगात नेले.

तुरुंगात बारा ते अठरा वर्षांची मुले पाहून तरुण फादर हादरले. मुले धडधाकट होती, हुशार होती. पण रिकामी बसलेली, उपाशी, किड्यांनी बेजार झालेली. पुढे त्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सुधारण्याचा निश्चय करून सुटलेली मुले थोड्याच दिवसांत परत येत. बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणीच नव्हते. सणावारी जवळ घेणारा, विचारपूस करणारा एखादा मित्र भेटला असता, तर ही मुले परत आली असती का? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

८ डिसेंबर १८४१ रोजी एका अनाथ गवंडीकाम करणाऱ्या मुलापासून त्यांनी सुरुवात केली. रविवारी मिस्सा, धर्मशिक्षण आणि मनसोक्त खेळ. १८४६ साली वाल्डोको येथे एक छपरी मिळाली. आठवडाभर फादर कामाच्या ठिकाणी जाऊन मुलांना भेटत. मालकाशी लेखी करार करीत : मुलाला मारायचे नाही, सणाच्या दिवशी सुट्टी द्यायची.

तुरुंगातील मुलांना मात्र ते विसरले नाहीत. १८४५ साली तुरीनजवळ जनेराला हे बालसुधारगृह सुरू झाले. सेलेशियन परंपरा सांगते, की १८५५ साली तेथील सुमारे ३०० मुलांना त्यांनी पहाऱ्याविना दिवसभराच्या सहलीला नेले आणि संध्याकाळी एकूण एक मुलगा परत आला. विश्वास टाकला, की मुले तो सांभाळतात. १८८८ साली फादर देवाघरी गेले. १९३४ साली त्यांना संतपद मिळाले.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्यांतही निरीक्षणगृहे आहेत. तेथील मुलांची चूक आपल्याला दिसते, एकटेपण दिसत नाही. आपल्यातील काही तरुणांनी रीतसर परवानगी घेऊन त्यांना नियमाने भेटावे. एकदा खाऊ वाटून फोटो काढणे सोपे आहे. मुलगा सुटल्यावर त्याच्या शाळेची, कामाची चौकशी करणे कठीण आहे. खरी गरज तेव्हाच असते. त्या दिवशी दारापाशी आपल्यापैकी कोणी उभे असेल का?