याकोब स्टायनर

शंभर हात दोरीनें जमीन घेरावयाची आहे. चाळीस हात लांब व दहा हात रुंद आयत घेतला, तर क्षेत्रफळ ४०० चौरस हात होतें. तीस व वीस हातांचा घेतला, तर ६००. आणि पंचवीस हात बाजूचा चौरस केला, तर ६२५. परिमिति तीच, परंतु पदरांत पडणारी जमीन निराळी! चौकोनांत चौरसासारखा लाभ दुसरा कोणताहि देत नाहीं. मात्र त्याच दोरीचें वर्तुळ केलें, तर सुमारें ७९६ चौरस हात मिळतात. प्राचीन ग्रीकांस हें ठाऊक होतें; पण त्याची निर्दोष सिद्धता मोठी अवघड ठरली. ती शोधण्यास एक शेतकऱ्याचा मुलगा सरसावला.

याकोब स्टायनर यांचा जन्म १७९६ सालीं स्वित्झर्लंडांतील उत्झेनस्टॉर्फ गांवीं झाला. चौदाव्या वर्षापर्यंत त्यांस लिहितां येत नव्हतें. कामाचा मुलगा दूर जावा, हें आईबापांस रुचलें नाहीं. तरी अठराव्या वर्षीं ते घर सोडून पेस्तालोत्सी यांच्या इव्हेर्दों येथील शाळेंत गेले. (पालकांनीं येथें रागावूं नये.) फी देण्याची ऐपत नसतांहि त्यांस तेथें प्रवेश मिळाला. पुढें हायडेलबर्ग येथें शिकवण्या करून त्यांनीं अध्ययन केलें. १८३४ सालीं बर्लिन विद्यापीठांत ते प्राध्यापक झाले.

वर्तुळ नसलेली कोणतीहि आकृति परिमिति न बदलतां मोठी करतां येते, हें त्यांनीं केवळ भूमितीनें दाखविलें. परंतु सर्वांत मोठी अशी आकृति असतेच, हें त्यांनीं गृहीत धरिलें होतें. १८६३ सालीं ते बर्न येथें वारले; ती उणीव पुढें वायरश्ट्रास यांनीं भरून काढिली.