सरकारनं चित्रं ठेवून घेतली, पण या डॉक्टरनं दिलेली माशांची नावं आजही टिकून आहेत

बुलढाण्यातल्या घरातही वीस-तीस लिटरच्या, पाणवनस्पती लावलेल्या नॅनो टाकीत पाळता येईल असा शिकारी मासा म्हणजे दारिओ. लांबी जेमतेम २ सेंटीमीटर, नराच्या अंगावर लाल पट्टे. पण कोरडं खाद्य टाकलं तर सहसा ढुंकूनही बघत नाही. त्याला हलती, जिवंत शिकारच लागते.

हे नाव देणारा माणूस होता फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन.

१७६२ साली स्कॉटलंडमध्ये जन्म. एडिंबरात डॉक्टरकी शिकून तो जहाजांवर राबला आणि १७९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत आला. पुढं ब्रह्मदेश, म्हैसूर, नेपाळ पालथं घातलं.

१८०७ पासून सात वर्षं त्यानं बंगाल प्रांताची पाहणी केली. या काळात मासे गोळा केले, त्यांची स्थानिक नावं टिपली आणि भारतीय चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली.

१८१५ ला तो मायदेशी निघाला, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं ती चित्रं कलकत्त्यातच ठेवून घेतली. कित्येक वर्षांची मेहनत मागं राहिली.

तरीही गडी थांबला नाही. १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरचं त्याचं पुस्तक आलं. १८२९ मध्ये तो वारला.

त्याच पुस्तकातून दारिओ, बादिस आणि चंदा नामा ही नावं विज्ञानात आली. अनेक माशांना त्यानं स्थानिक नावंच दिली होती.

यातला काचेसारखा पारदर्शक चंदा नामा दुसऱ्या माशांचे खवले खातो. बुलढाण्याची पूर्णा तापीला मिळते, पैनगंगेचं पाणी गोदावरीत जातं, आणि या दोन्ही खोऱ्यांत हा मासा आढळतो.